गमरे मास्तरांचा पुढचा दात

गमरे मास्तर आमच्या मजल्यावरून गेले त्याला आता दोन वर्षं होतील. गेले म्हणजे तसे नव्हे, बदलापूरला गेले, मुलाकडे. हा खुलासा मी आधीच करून टाकतो, कारण तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर मी 'आपले लाडके मास्तर आपल्याला सोडून गेले' असं लिहिलं होतं आणि अर्ध्या तासात त्याखाली एकवीस जणांचे जोडलेले हात उतरले होते. एक जण तर हार घेऊन थेट बदलापूरला पोचला. दार मास्तरांनीच उघडलं. हाराकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आण इकडे. फुलं ताजी आहेत."

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, बँडचे. पूर्ण नाव जनार्दन गमरे. प्रभादेवीच्या एका छापखान्यात त्यांची नोकरी. पण ती नुसती पोटासाठी. खरे ते क्लॅरोनेटवाले. करी रोडची आमची जुनी चाळ होती तेव्हापासून आमची शेवटची खोली आणि त्यांची शेवटून दुसरी. चाळीच्या जागी बावीस मजल्यांची इमारत झाली तेव्हा चिठ्ठ्या टाकून घरं वाटली, तरी मास्तर पुन्हा आमच्याच शेजारी आले. माझी बायको म्हणाली, "काही गोष्टी नशिबातच असतात." ती हे कौतुकाने म्हणाली की कसं, ते मी विचारलं नाही.

क्लॅरोनेटच्या तोंडाशी वेताची एक पातळ पट्टी असते, रीड. ती ओली झाल्याशिवाय बोलत नाही. त्यामुळे रोज सकाळी सहा ते साडेसहा मास्तरांच्या तोंडात रीड असायची आणि हातात पेपर. या अर्ध्या तासात त्यांना काहीही विचारा, उत्तर भुवयांनी मिळायचं. डावी भुवई वर गेली तर 'हो', दोन्ही गेल्या तर 'तुला अक्कल आहे का?' मला बहुतेक वेळा दोन्ही दिसायच्या.

साडेसहाला रीड तोंडातून वाद्यावर चढायची आणि सात वाजेपर्यंत रियाज. वाजवण्याआधी ते दात घासायचे. म्हणजे सकाळी उठून एकदा घासलेले असायचेच, पण चहा झाला की पुन्हा, आणि वरातीला निघण्यापूर्वी बँडचा लाल कोट चढवून पुन्हा. मिशरी नाही, पान नाही, तंबाखू नाही. बँडमधल्या एखाद्याने गुटखा तोंडात टाकलेला दिसला की म्हणायचे, "तोंड हे अर्धं वाद्य आहे बाबा. उरलेलं अर्धं दुकानात मिळतं."

चाळीतल्या कुठल्याही मुलीचं लग्न असलं की पाठवणीला मास्तर आपणहून हजर. माझ्या बहिणीच्या वेळी त्यांनी असं काही वाजवलं की आमच्या सगळ्या आत्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या. वडील खांबाला टेकले. फक्त बहीण तेवढी रडत नव्हती. ती मास्तरांच्या जवळून जाताना पुटपुटली, "मास्तर, जरा फास्ट घ्या ना, मेकअप उतरतोय." मास्तरांनी ताबडतोब लय वाढवली. नवऱ्याकडच्या मंडळींना वाटलं आता नाचायचं आहे. तीन जण मधे घुसले आणि रडणाऱ्या आत्यांच्या घोळक्यात नाचायला लागले. मास्तरांचे डोळे मिटलेले होते. वाजवताना ते नेहमीच मिटलेले असत, त्यामुळे आपण काय घडवलं हे त्यांना रात्री जेवताना कळलं.

मी एकदा, चाळिशी उलटल्यावर, त्यांचं क्लॅरोनेट वाजवून बघितलं होतं. बायकोने आतून येऊन गॅस बंद केला. तिला कुकर वाटला.

आता माझ्या लाजेची एक गोष्ट. नव्या इमारतीत आल्यावर मी सोसायटीचा सेक्रेटरी झालो. दुसरं कुणी तयार नव्हतं. बाराव्या मजल्यावर नव्याने आलेल्या एका कुटुंबाने सकाळच्या आवाजाची लेखी तक्रार केली आणि मला नोटीस काढणं भाग पडलं. 'सभासदांनी सकाळी आठपूर्वी वाद्यवादन करू नये.' सभासदांनी असं अनेकवचनी लिहिलं खरं, पण बावीस मजल्यांत वाद्य एकच होतं. मी नोटीस लावत होतो तेव्हा मास्तर लिफ्टमधून बाहेर आले, चष्मा लावून त्यांनी ती वाचली आणि म्हणाले, "विनू, टाइप फार बारीक घेतलास. म्हाताऱ्या माणसांना दिसणार नाही." मग आपल्या जुन्या छापखान्यातून मोठ्या अक्षरात छापून आणली, समास सोडून, चौकट टाकून. आपल्याच तोंडावरची बंदी इतकी सुबक छापणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

त्यानंतर ते गोधड्यांच्या कपाटाची दारं उघडून आत तोंड घालून वाजवायचे. पंधरा दिवसांत उलट्या तक्रारी सुरू झाल्या. कुणाचं दूध उतू गेलं, कुणाच्या पोराची शाळेची बस चुकली. लोकांनी त्या आवाजावर घड्याळं लावली होती. पहिली सही बाराव्या मजल्याची. दुसरी नोटीस मीच काढली, पहिली रद्द करणारी. तीही मास्तरांनीच छापून दिली.

तर दातांबद्दल. आमची मुलगी मुग्धा डेंटिस्ट झाली आणि भोईवाड्यात कोर्टाच्या मागच्या गल्लीत तिने दवाखाना थाटला. पहिला पेशंट अर्थातच मी. माझ्या दाढेचं तिने रूट कॅनल केलं आणि बजावलं, "बाबा, पुढच्या आठवड्यात कॅप बसवायची." मी म्हटलं, "आता दुखत नाही. आतून दुरुस्त झालीय, तर वरून टोपी कशाला?"

"दुखत नाही कारण आतली नस काढली. दाढ आता वाळलेल्या लाकडासारखी आहे, आणि निम्मी तर माझ्या सिमेंटचीच आहे. चावताना जोर आला की उभी चिरेल. कॅप म्हणजे तिला चारी बाजूंनी धरून ठेवणारं कडं."

मी तीस वर्षं विमा कंपनीत काढली. लोकांना भविष्याची भीती घालणं हा माझा व्यवसाय. पण स्वतःच्या दाढेबाबत मी 'बघू' म्हणालो. सहा महिन्यांनी ती दाढ तुटली. अक्रोडावर नाही, चिक्कीवर नाही, काजूकतलीवर. उरलेल्या खुंटावर मुग्धाने कशीबशी कॅप चढवली. मग निळा कागद चावायला दिला. जिथे जास्त निळं उमटलं तिथे जरा घासलं, पुन्हा कागद, पुन्हा घासलं. "उंच लागतंय?" "किंचित." केसाएवढी उंची होती, पण तोंडात दगड ठेवल्यासारखं वाटत होतं. शेवटी जेव्हा काही वाटेनासं झालं तेव्हा ती म्हणाली, "झालं." हे सगळं मी संध्याकाळी मास्तरांना रंगवून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे ती तुला सुरात लावत होती."

त्यानंतर वर्षभराने मास्तरांचा स्वतःचा दात गेला, आणि तोही पुढचा.

लालबागमधली एक वरात होती. नवरदेवाचा कुणी मित्र रुमाल दातांत धरून नागासारखा जमिनीवर लोळत होता. तो एकदम उठला. त्याचं डोकं क्लॅरोनेटच्या खालच्या टोकाला आपटलं आणि वाद्य वर उसळून मास्तरांच्या तोंडात गेलं. वरचा, मधला, डावा दात अर्धा तुटला. मास्तरांनी तोंडातलं रक्त पुसलं, वरचा ओठ दातांवर ओढून घेतला आणि हॉलपर्यंत वाजवत गेले. वरात मधे सोडायची नसते म्हणे. बाकीच्यांनी रस्त्यावर तुकडा शोधला. नवरदेवाच्या मामांना सापडला, त्यांनी तो स्वच्छ रुमालात बांधून अदबीने मास्तरांच्या खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर रुमालासकट मुग्धाच्या दवाखान्यात. तिने गाठ सोडली, चिमट्याने तुकडा उचलला, दिव्याखाली धरला आणि म्हणाली, "मास्तरकाका, हे खोबरं आहे."

वरातीपुढे फोडलेल्या नारळाचं खोबरं. मास्तर म्हणाले, "म्हणून मला रात्रभर वाटत होतं, दाताला मुंग्या का लागल्या?"

नस उघडी पडली होती, म्हणून रूट कॅनल आणि वर कॅप. मुग्धाचं हे पुढच्या दाताचं पहिलंच काम. दाढेची कॅप कुणाला दिसत नाही, पुढचा दात साऱ्या जगाला दिसतो. रंग शेजाऱ्याशी जुळला पाहिजे, आकार चेहऱ्याला शोभला पाहिजे. ती म्हणाली, "काका, तुमचा हसतानाचा एखादा जुना फोटो द्या. मूळ दात कसा होता ते बघते."

मास्तरांच्या बायकोने, माईंनी, दोन अल्बम काढले. चाळीस वर्षांचे फोटो, आणि प्रत्येकात मास्तरांच्या तोंडात क्लॅरोनेट. जयंतीच्या मिरवणुकीत क्लॅरोनेट, मुलाच्या बारशाला क्लॅरोनेट.

"तुमच्या लग्नातला तरी?" मुग्धाने विचारलं.

"आमच्या लग्नात बँड यांनीच वाजवला," माई म्हणाल्या. "हार घालायची वेळ झाली तरी कडवं संपेना. मी हात वर करून उभी."

शेवटी मुग्धाने पुस्तकात जसा असायला हवा तसा दात केला. सरळ कडेचा, पूर्ण लांबीचा, किंचित पिवळसर झाक असलेला. शेजारच्या उजव्या दाताची कड झिजून खोलगट झाली होती, ती तिने आपणहून, भेट म्हणून, भरून दिली. मास्तर हसले आणि आम्ही सगळे चकित. सदुसष्ट वर्षांच्या माणसाचं हसू आम्ही प्रथमच बघत होतो, आणि ते फारच देखणं निघालं.

मग मास्तर मुग्धाची चालती जाहिरात झाले. लिफ्टमध्ये, मंडईत, बसच्या रांगेत, लोकांना ओठ वर करून दाखवायचे. "ओळख, यातला नकली कुठला?" त्यांनी पाठवलेली माणसं दवाखान्यात येऊ लागली. कुणाची दाढ चिरलेली, कुणाचे दात घासून निम्मे झालेले. लालबागच्या मासेवाल्या इंदूबाईंच्या खालच्या दोन दाढांच्या मधली एक गेलेली. मुग्धाने दोन्ही बाजूंच्या दाढांना कॅप घालून त्यांच्या आधाराने मधे तिसरी टांगली. इंदूबाई सगळ्यांना सांगायच्या, "दोन शेजारणींनी तिसरीक हात दिल्यानी."

मुग्धाचा दवाखाना जरा उभा राहिला तो या तीन महिन्यांत. आणि या तीन महिन्यांत मास्तरांच्या घरातून एकदाही क्लॅरोनेट ऐकू आलं नाही.

आधी आम्हाला वाटलं, जखम भरतेय. मग वाटलं, वय झालं. मास्तरही तेच म्हणायचे. "आता पुरे रे. सत्तरी आली. वरातीत उभं राहवत नाही." सकाळी पेपर वाचताना आता ते बोलायचे, आणि ते फार विचित्र वाटायचं. मी 'पाणी आलं का?' विचारलं तर चक्क 'आलं' म्हणायचे.

खरं काय ते माईंनी सांगितलं. एका मंगळवारी लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. त्या म्हणाल्या, "विनू, शनिवारी बबन येतोय. वाद्य न्यायला."

बबनशेठ म्हणजे बँडचे मालक. मास्तरांच्या बरोबरीचे, लहानपणापासूनचे दोस्त.

"वाद्य न्यायला? का?"

"यांनीच बोलावलंय. पडून राहिलं की वाद्य मरतं म्हणतात. कुणीतरी वाजवू दे म्हणतात."

"पण स्वतः का नाही?"

माईंनी लिफ्टच्या आकड्यांकडे बघितलं. "सूर लागत नाही. नवा दात बसल्यापासून. मी घरी नाही असं बघून पुन्हा त्या कपाटात तोंड घालून वाजवतात. मी दाराला कान लावून ऐकते ना. वरच्या पट्टीत गेलं की फाटतं. बाजूने वारा निसटतो. एकदा बघितलं तर वाद्य मांडीवर घेऊन नुसते बसले होते." मग घाईने म्हणाल्या, "मुग्धाला सांगू नकोस हां. शपथ घातलीय मला. पोरीचं पहिलं काम आहे, गावभर नाव झालंय, तिला लागेल म्हणतात."

मी शपथ पाळली. लिफ्टपासून आमच्या दारापर्यंत. दार बायकोने उघडलं, तिला सांगितलं. मुग्धा जेवत होती, तिने ऐकलं.

ती ताट बाजूला सारून बाहेर गेली. मीही मागोमाग. मास्तरांनी दार उघडलं.

"काका, तीन महिने?" ती म्हणाली. "तीन महिने तुम्ही माझ्याकडे माणसं पाठवताय, आणि स्वतः..."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. दोन्ही भुवया वर.

"हे बघ मुग्धा, दात तू फक्कड केलायस. त्यात काही खोट नाही."

"मग खोट कुठाय?"

"माझ्यात. इतक्या चांगल्या दाताची सवय नाही मला."

"गुरुवारी चारला दवाखान्यात या. वाद्य घेऊन."

"राहू दे गं. शनिवारी बबन येईल, विषय संपेल. तू चार लोकांचे दात नीट करतेस, माझं एक वाजवणं गेलं तर काय मोठं? पन्नास वर्षं वाजवलं की."

"काका, मी तुमचा दात दुरुस्त करायला घेतला होता," मुग्धा म्हणाली. "तोंड बिघडवायला नाही. गुरुवारी चारला."

गुरुवारी त्यांना मीच घेऊन गेलो, कारण ते आपणहून आले नसते. बाहेरच्या बाकावर इंदूबाई होत्या आणि काळा कोट मांडीवर घेतलेले, गाल सुजलेले एक वकील. मुग्धाने मास्तरांना खुर्चीत बसवलं नाही. उभं राहून वाजवायला सांगितलं आणि स्वतः त्यांच्या तोंडाजवळ वाकून बघत राहिली. खालचे सूर बरे आले. वर चढताना आवाज चिरकला, थरथरला, मेला. मास्तरांनी वाद्य खाली घेतलं आणि जमिनीकडे बघत राहिले. मी त्यांना अनेकदा वाजवताना बघितलं होतं. वाजवून लाजताना पहिल्यांदाच बघितलं.

"वरचे दात यावर टेकतात ना?" मुग्धाने विचारलं. "बघू." तिने वाद्याचा तोंडात धरायचा काळा तुकडा, माउथपीस, काढून घेतला. अंगठ्याने चाचपला. मग चाचपायची थांबली.

"हे खड्डे कसले?"

"कसले म्हणजे? माझे. चाळीस वर्षं एकच माउथपीस आहे. बबन म्हणतो बदल. मी नाही बदलत."

मुग्धाने तो खुर्चीवरच्या मोठ्या दिव्याखाली धरला. काळ्या कडक रबरात दोन खाचा होत्या, शेजारी शेजारी. उजवी उथळ. डावी खोल, आणि तिरकी.

"मी तुमचा फोटो शोधत होते," ती हळू म्हणाली. "हा काय फोटो."

दात जसा होता तसा त्या रबरात उतरला होता. इतकी वर्षं दाताने रबर झिजवलं होतं आणि रबराने दात. मुग्धाने त्यावर दातांचं माप घ्यायचा मऊ मसाला दाबला, निघालेला छाप बघितला आणि कपाळावर हात मारला. मूळ दात तिच्या कॅपपेक्षा चांगला मिलिमीटरभर आखूड होता, आतल्या अंगाला वळलेला, कड तिरकी झिजलेली. तिने जो दोष समजून सुधारला होता, त्याच्याच आधाराने वाद्य तोंडात उभं राहायचं. उजव्या दाताची खोलगट कड तर तिने भेट म्हणून बुजवली होती.

भेट पाच मिनिटांत निघाली. कॅप कापून काढायला वेळ लागला. मग तिने छापावरून एक कच्ची कॅप तिथेच बनवून चढवली. पक्की नंतर यायची होती, पण आकार आत्ताच ठरवायचा होता. "वाजवा."

वाजवलं. थोडं बरं.

घासलं. पुन्हा वाजवलं. आता वारा डाव्या कोपऱ्यातून निसटत होता. कॅप काढली, कडेला भर घातली, घासली, बसवली. "वाजवा." निळ्या कागदाचा इथे उपयोग नव्हता. कान हाच कागद. मुग्धाला सुरातलं काही कळत नाही, ती माझीच मुलगी. पण मास्तर 'चालेल गं' म्हणत होते ते तिला खुपत होतं. चालेल म्हणजे लागत नाही, एवढं तिला कळायचं.

सहाव्या खेपेला मास्तर म्हणाले, "झालं. उत्तम."

दाराबाहेरून इंदूबाईंचा आवाज आला, "नाय गो. अजून कच्चो वाटता."

मुग्धाने मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी मान खाली घातली. "बाई बरोबर बोलतायत," म्हणाले.

पुन्हा घासणं सुरू झालं. वकीलसाहेबांनी फोन करून कुणाला तरी तारीख घ्यायला सांगितली आणि ते गाल धरून दारातच येऊन उभे राहिले. किती वेळा झालं मी मोजलं नाही. मुग्धाच्या कपाळावरून घाम ओघळत होता. एकदा ती म्हणाली, "काका, मी शिकले त्या सगळ्याच्या उलट चाललंय हे." मास्तर म्हणाले, "माझंही तसंच झालं होतं. लोकांच्या वरातीत वाजवायला लागलो तेव्हा."

आणि मग एकदा तो सूर वर गेला आणि गेला तो राहिला. लांब, गोल, न हलता. मास्तरांचे डोळे मिटले. ते थांबले नाहीत, पुढचं कडवं घेतलं, त्याच्या पुढचं घेतलं. मुग्धा हातातलं यंत्र तसंच धरून भिंतीला टेकली. वाजवून झाल्यावर मास्तरांनी माउथपीस पुसला.

"दात कुठाय ते कळतच नाही आता," ते म्हणाले.

दात दिसायला मात्र वाईट होता. आखूड, तिरका, जरा खाल्ल्यासारखा. मुग्धाने आरसा दिला नाही.

खाली उतरताना मी म्हटलं, "मास्तर, बबनशेठना फोन करून टाका. येऊ नका म्हणून."

"नको," मास्तर म्हणाले. "दवाखान्यात दहा मिनिटं वाजवणं वेगळं, दोन तासांची वरात वेगळी. शब्द दिलाय. येऊ दे त्याला. शनिवारपर्यंत तोंडाने साथ दिली तर बघू. नाही दिली तर वाद्य त्याचं."

शनिवारी सकाळी दहाला बबनशेठ आले. मास्तरांचं दार उघडंच होतं. मास्तर खिडकीकडे तोंड करून, पाठमोरे वाजवत होते. नऊला सुरुवात केलेली, अजून थांबले नव्हते. वाद्याची रिकामी पेटी जमिनीवर उघडी पडली होती. बबनशेठनी चपला बाहेर काढल्या, आवाज न करता स्टुलावर बसले. माईंनी चहा दिला. त्यांनी कप हातात घेतला आणि तोंडाला लावलाच नाही. वरातीचा सगळा क्रम मास्तर एकट्याने वाजवत होते, निघण्यापासून हॉलच्या दारापर्यंत. बबनशेठ अधूनमधून घड्याळ बघायचे. मी आमच्या उंबऱ्यात. मुग्धाला दवाखान्यात जायला उशीर झाला होता, ती जिन्याच्या पायरीवर बॅग मांडीवर घेऊन बसली होती, आणि मास्तर वर चढायला लागले की बॅगेचा पट्टा घट्ट धरायची.

साडेदहा झाले. पावणेअकरा. तो वरचा सूर पुन्हा पुन्हा आला, आणि दर वेळी राहिला.

बबनशेठ उठले. वाकून त्यांनी पेटी बंद केली, दोन्ही कड्या लावल्या आणि रिकामी पेटी माईंच्या हातात दिली. "वहिनी, ही आत ठेवा. उघडी राहिली की धूळ बसते."

बाहेर येऊन चपला घालताना ते मुग्धाला म्हणाले, "डॉक्टर, मघाशी श्वास घ्यायला जरा वळला तेव्हा बघितलं. तो पुढचा दात कुणी केलाय हो? अगदीच भंगार दिसतो."

"मीच," मुग्धा म्हणाली.

"असं होय." ते दोन पायऱ्या उतरले, थांबले. "तसाच ठेवा. आणि त्याला सांगा, उद्या साडेपाचला गाडी खाली लागेल. बूट पॉलिश करून ये म्हणावं. मागच्या वेळचे बघवत नव्हते."

आत वाजणं थांबलं होतं. मी डोकावलो. मास्तर खिडकीशी बसून मानेचा घाम पुसत होते. त्यांना काहीच पत्ता नव्हता.

"बबन्या आला नाही अजून?" त्यांनी विचारलं.

"येऊन गेला," माई म्हणाल्या.

"आणि वाद्य?"

"उद्या साडेपाचला खाली उभे राहा म्हणाला."

मास्तरांनी मांडीवरच्या क्लॅरोनेटकडे बघितलं. माई नवा चहा टाकायला निघाल्या तशी त्यांनी हाताने थांबवलं.

"थांब जरा," म्हणाले. "शेवटच्या कडव्यात घाई झाली. एकदा बघून घेतो."